मध्यंतरापर्यंत बरा होता

सिनेमाबद्दलचं मत सिनेमा संपल्यावर तयार होतं, अशी बाहेरगावच्या लोकांची समजूत आहे. पुण्यात ते मध्यंतरात तयार होतं. पूर्वी बटाटेवड्याच्या आणि आता पॉपकॉर्नच्या रांगेत, पुढे सात माणसं आणि पाठीत कुणाचं तरी कोपर अशा अवस्थेत, माणूस मान न वळवता सोबतच्याला म्हणतो, "बरा चाललाय." निकाल लागला. उरलेल्या सव्वा तासात सिनेमाने फक्त त्या निकालावर अपील करायचं असतं आणि अपील सहसा फेटाळलं जातं. म्हणून सदाशिव पेठेपासून बाणेरपर्यंत कुणालाही विचारा, कुठल्याही सिनेमाबद्दल विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं: "मध्यंतरापर्यंत बरा होता."

पुढचं वाक्य मात्र ज्याचं त्याचं. कुणाच्या मते नंतर ताणला, कुणाच्या मते नंतर गुंडाळला. एकाच सिनेमाबद्दल नवरा 'ताणला' म्हणतो, बायको 'गुंडाळला' म्हणते, आणि दोघांना एकमेकांचं पूर्ण पटतं, कारण मुद्दा लांबीचा नसतोच; नंतर काहीतरी बिघडलं एवढाच असतो. सुरुवातीपासून वाईट म्हणावं तर तिकिटाचे पैसे पाण्यात गेल्याची कबुली दिल्यासारखं होतं. शेवटपर्यंत चांगला म्हणावं तर 'याला सिनेमातलं फारसं कळत नाही वाटतं' अशी शंका समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटते. मध्यंतर ही त्यातल्या त्यात सुरक्षित जागा.

राज कपूरने 'संगम' (१९६४) आणि 'मेरा नाम जोकर' (१९७०) या दोन्ही चित्रपटांना दोन-दोन मध्यंतरं दिली होती. त्या पिढीचे काही काका अजून आमच्याकडे आहेत. 'जोकर'चा विषय निघाला की ते मत दोन हप्त्यांत देतात: पहिल्या मध्यंतरापर्यंत उत्तम, दुसऱ्यापर्यंत ठीक. तिसऱ्या भागाबद्दल ते बोलत नाहीत, नुसता हात हलवतात. याच्या उलट २०११ साली किरण रावचा 'धोबी घाट' आला. दीड तासाच्या आसपासचा, आणि मध्यंतरच नाही. प्रेक्षक बाहेर आले ते कावरेबावरे होऊन. मतच नव्हतं कुणाकडे! शेवटी जिना उतरताना एक गृहस्थ म्हणाले, "छोटा आहे." सगळ्यांनी सुटल्यासारखं ते वाक्य उचललं आणि आठवडाभर शहरात 'धोबी घाट' छोटा आहे, हेच त्याचं परीक्षण होतं.

आता कुणी म्हणेल, सिनेमे सगळीकडेच लागतात, पुणेकरांनाच मताची एवढी निकड का? त्याला कारण आहे. कोल्हापूरची 'प्रभात' फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यात आली आणि इथलीच होऊन गेली. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३६ साली इथे तयार झाला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. प्रभातच्याच स्टुडिओत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये शेजारी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. कंपनीच्या नावाचा आख्खा रस्ता आहे आमच्याकडे, आणि तो चांगला झाडीचा आहे. तेव्हा सिनेमा ही पुण्यात करमणूक नाही, वडिलोपार्जित इस्टेट आहे. इस्टेटीबद्दल कुणी 'आवडली' म्हणत नसतं. 'नंतरच्यांना सांभाळता आली नाही,' एवढंच म्हणतात. प्रभात रस्त्यावरचे एक आजोबा तर 'व्हेनिसला गेला होता' हे अशा सुरात सांगतात, की तुकारामबुवांना स्टेशनवर पोचवायला तेच गेले असावेत.

गंमत म्हणजे ज्या वास्तूंत ही मतं पिकली त्यांतल्या बऱ्याच आता गाड्यांच्या ताब्यात आहेत. मंडईजवळ १९१५ साली सुरू झालेलं आर्यन आणि त्याच परिसरातलं मिनर्वा या दोन्ही चित्रपटगृहांच्या जागी वाहनतळ झाले आणि लोक त्यांना अजून त्याच नावांनी ओळखतात. "आर्यनला लावलीय" याचा अर्थ एके काळी सिनेमा असा होता, आता स्कूटर असा होतो. हे मला उगाच झालेलं वाटत नाही, कारण पुण्यातलं सिनेमाविषयीचं सगळ्यात सकस चिंतन हल्ली पार्किंगमध्येच चालतं.

कुठल्याही मल्टिप्लेक्सच्या तळघरात रात्री साडेनऊचा खेळ सुटल्यावर जाऊन उभे राहा. खालच्या मजल्यावरून वरच्या फाटकापर्यंत चढावर गाड्यांची रांग लागलेली असते. इंजिनं बंद. दुचाकीवरची माणसं दोन्ही पाय टेकवून उभी. मत द्यायचं तर हेल्मेट काढावं लागतं. काहींनी ही अडचण ओळखून ते घरीच ठेवलेलं असतं. पुढच्या स्कूटरवरची मुलगी आईला म्हणते, "पण तो तिला सोडून का गेला?" आई काही बोलायच्या आत बाजूच्या गाडीची काच खाली येते आणि आतून एक पूर्ण अनोळखी गृहस्थ सांगतात, "पत्र मिळालं नव्हतं ना त्याला! मध्यंतराच्या आधी दाखवलंय, तुम्ही बाहेर गेला असाल." यावर आई, "आम्ही कशाला बाहेर जाऊ? तीनशे रुपयांचं पॉपकॉर्न कोण घेतंय!" मागून आणखी एक आवाज, "मूळ मल्याळममध्ये पत्र नाहीये, फोन आहे." त्या मूळवाल्याकडे सगळे वळून बघतात. प्रत्येक रांगेत एक मूळवाला असतोच. त्याने मूळ पाहिलेला असतो, मूळ वाचलेलं असतं, आणि काहीच नसेल तर मूळ लेखकाच्या भाच्याबरोबर तो शाळेत असतो.

या सगळ्याचा खरा जाणकार म्हणजे फाटकाशी पावत्या घेणारा मुलगा. त्याने यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही, आणि कुठला किती आठवडे चालणार हे तो पहिल्याच रात्री सांगतो. त्याचं शास्त्र त्याने मला एकदा समजावून दिलं. लोक हसत वर आले तर पावती खिशात लगेच सापडते. रडून आले तर बायका पर्सचे तिन्ही कप्पे उपसतात आणि पावती नवऱ्याच्याच खिशात निघते. गप्प आले तर समजायचं, पुरस्कारवाला आहे, सोमवारी उतरणार. "आणि ऐतिहासिक असला ना काका, की वीस रुपये कुणी मुकाट्याने देत नाही."

ऐतिहासिक सिनेमा हा आमच्या मतप्रदर्शनाचा मोठा सण. इथे मध्यंतराचीही वाट बघायची गरज नसते. 'बाजीराव मस्तानी' १८ डिसेंबर २०१५ला लागला, पण 'पिंगा' गाणं त्याआधी महिनाभर येऊन पडलं होतं, आणि त्या महिन्यात पुण्यात काशीबाईंबद्दल जेवढं बोललं गेलं तेवढं त्यांच्या हयातीतही झालं नसेल. पेशव्यांची पत्नी अशी नाचेल का, नऊवारी अशी नेसतात का, आणि दोघी एकत्र कशा, अशी ही चर्चा पार कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत गेली. कोथरूडमध्ये निदर्शनं झाली, पहिल्या दिवशीचे काही खेळ रद्द झाले. सिनेमा मग लागला तेव्हा लोक गेले, आणि बाहेर येऊन आरसेमहालाबद्दल बोलू लागले. "शनिवारवाड्यात असं काही नव्हतं!" आता शनिवारवाड्याचा मुख्य महाल १८२८च्या आगीत जळून गेला. आतलं काहीही पाहिलेला माणूस गेल्या शंभर वर्षांत उरलेला नाही. तरी आतली झुंबरं नेमकी किती होती हे शनिवार पेठेत आजही ठामपणे सांगितलं जातं, आणि नारायण पेठेचा आकडा वेगळा असतो.

दहा वर्षांनी, २०२५च्या जानेवारीत 'छावा'चा ट्रेलर आला आणि तेवढ्यावरून मतं इतक्या वेगाने आणि इतक्या ठिकाणांहून आली, की संभाजी महाराजांच्या लेझीम खेळण्याचं दृश्य दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी सिनेमा लागण्याआधीच काढून टाकलं. समीक्षेचा चित्रपटावर काही परिणाम होत नाही म्हणणाऱ्यांनी ही नोंद ठेवावी. फक्त त्यासाठी समीक्षा चित्रपटाच्या आधी यावी लागते.

आधी मत आणि मग सिनेमा, ही पद्धत सकाळच्या टेकडीवर पुरती मुरलेली आहे. वेताळ टेकडीवर साडेसहाला एक कट्टा भरतो. त्यातले एक जण शनिवारच्या पेपरातलं परीक्षण वाचतात आणि रविवारी ते 'मला विचाराल तर' अशी सुरुवात करून स्वतःचं म्हणून सांगतात. दुसऱ्यांचा मुलगा न्यू जर्सीत आहे. हिंदी सिनेमा तिकडे गुरुवारी रात्रीच लागतो, त्यामुळे यांचं मत शुक्रवारी सकाळी अटलांटिक ओलांडून ताजं येतं आणि आमच्या इथला पहिला खेळ सुरू व्हायच्या आत शिळंही होतं. तिसरे निवृत्त प्राध्यापक. ते पहिल्या आठवड्यात कधीच जात नाहीत, "गर्दी ओसरू दे, मग निवांत बघू" म्हणतात, आणि गर्दी ओसरते तोवर सिनेमाही ओसरलेला असतो. त्यांना विचारलं तर ते 'पाहिला नाही' असं म्हणत नाहीत. "त्या वाटेला गेलो नाही," असं म्हणतात. यातच मत आलं.

या कट्ट्यावर 'फारच सुंदर!' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. 'एकदा बघायला हरकत नाही' हा इथला सुवर्णकमळाच्या तोडीचा मान; तो मिळाला की निर्मात्याने घरी पेढे वाटावेत.

या मंडळींची खरी पंचाईत होते जानेवारीत, पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. डॉ. जब्बार पटेलांच्या देखरेखीखाली २००२पासून हा महोत्सव चालू आहे आणि गळ्यात पट्टा अडकवलेला पुणेकर हे थंडीतलं एक नेहमीचं दृश्य आहे. रांगेत सिनेमांची नावं कुणी घेत नाही, देश घेतात. "सकाळी एक पोलिश केला, दुपारी इराणी आहे, मध्ये डबा खाऊन घेतो." 'पाहिला' असं न म्हणता 'केला' म्हणतात, चार धाम करतात तसं. पण आत गेल्यावर घात होतो, कारण पोलिश सिनेमाला मध्यंतर नसतं. दिवे लागत नाहीत, वडा नाही, शेजाऱ्याचा चेहरा दिसत नाही, मत कशावर बेतायचं? नोलनचा 'ओपनहायमर' तीन तासांचा. त्यालाही आपल्या चित्रपटगृहांनी मधेच कुठेतरी कापून मध्यंतर दिलं होतंच. इथे तेवढीही माणुसकी नाही. मग अंधारातून बाहेर आलेली माणसं 'कॅमेरा छान आहे' म्हणतात. कॅमेरा हा बिनमध्यंतराच्या सिनेमाचा आधार आहे. बर्फ दिसलं की कॅमेरा छान असतोच.

दिग्दर्शक स्वतः हजर असला तर नंतर प्रश्नोत्तरं होतात. परदेशी पाहुणा माईक धरून हसतमुखाने उभा असतो. पहिला हात वर जातो तो बहुधा स्वेटर आणि मफलर घातलेला. "माझा प्रश्न नाही, एक छोटंसं निरीक्षण आहे," असं म्हणून निरीक्षण सुरू होतं. त्यात ऋत्विक घटक इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते तो काळ येतो, 'पथेर पांचाली' येते, निरीक्षकाने १९७२ साली फिल्म सोसायटीत पाहिलेला आणि आता नाव न आठवणारा एक झेक चित्रपट येतो. नाव शेजारचा सुचवतो, ते चुकीचं असतं, त्यावर थोडी चर्चा होते. दुभाषी मुलगी हे सगळं इंग्रजीत आणता आणता घामाघूम. शेवटी निरीक्षक पाहुण्याला विचारतात, "यू ॲग्री?" पाहुणा म्हणतो, "येस." टाळ्या. मला मनापासून वाटतं, त्या बिचाऱ्याला मायदेशी गेल्यावर कुणी विचारलं की पुण्यात तुझा सिनेमा कसा वाटला लोकांना, तर त्याला काहीच सांगता येत नसेल. आमच्याबद्दल मात्र पुष्कळ सांगता येईल.

इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी ही वेगळी जमात. ते आवारातल्या आंब्याखाली, त्यांच्या त्या 'विजडम ट्री'खाली बसून बोलतात आणि कुठल्याच सिनेमाला चांगला किंवा वाईट म्हणत नाहीत. आमच्या गल्लीत एका काकूंकडे असा एक मुलगा भाड्याने राहायचा. काकू विचारायच्या, "कसा होता रे कालचा?" तो म्हणायचा, "काकू, त्यात अवकाश फार आहे." काकू म्हणायच्या, "म्हणजे कंटाळवाणा ना?" तो जरा थांबून "हो" म्हणायचा. तीन वर्षांत त्याच्या शिक्षणाचा एवढाच भाग काकूंना कळला, पण तेवढा अचूक कळला. पुढे २०२४ साली इन्स्टिट्यूटमध्येच शिकलेल्या पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, तेव्हा याच काकू 'आपल्या लॉ कॉलेज रोडची मुलगी' म्हणून हटकून बघायला गेल्या. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. सिनेमा मुंबईतल्या मल्याळी परिचारिकांचा, आणि शेवटाकडे तो रत्नागिरीच्या किनाऱ्यावर येतो. काकू येऊन म्हणाल्या, "मध्यंतरापर्यंत नुसता पाऊस आणि लोकल. नंतर मात्र बरा आहे." या शहरात क्रम उलटा लावलेलं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्यांदा ऐकलं ते स्वयंपाकाच्या मावशींकडून. त्याची हकिकत अशी. २०२३च्या पावसाळ्यात केदार शिंदेंच्या 'बाईपण भारी देवा'ने सगळ्या सोसायट्यांतल्या बायका नऊवारी आणि गॉगल घालून थिएटरात नेल्या होत्या. आमच्या मजल्यावरच्या वहिनी दोनदा जाऊन आल्या. ओट्याशी त्या मावशींना गोष्ट सांगत होत्या, की सहा बहिणी असतात, मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरतात, तालमी करतात. मावशी पोळी उलटत म्हणाल्या, "तालमीला एवढी सुट्टी कोण देतं हो त्यांना?" वहिनींना ते लागलं असावं. कारण पुढच्या वर्षी १ मेला परेश मोकाशींचा 'नाच गं घुमा' आला, कामवाली आणि तिची मालकीण यांच्यावरचा, तेव्हा वहिनी मावशींना सन्मानाने सोबत घेऊन गेल्या. शेजारी-शेजारी खुर्च्या, मधल्या दांड्यावर दोघींत मिळून एक पॉपकॉर्न.

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा मी विचारलं, "काय मावशी, कसा होता?"

"चांगलाय. कामाला बाई नसली की घराचं काय होतं ते बरोबर दाखवलंय. ते दर पंधरा दिवसांनी दाखवायला पाहिजे."

"आणि मध्यंतरानंतर?"

"नंतर जास्तच चांगला."

मी चमकलो. सोसायटीतल्या सगळ्यांचं मत, अर्थातच, मध्यंतरापर्यंत बरा होता असं पडलं होतं. म्हटलं, नंतर असं काय होतं?

मावशींनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "आधी वहिनी शेजारी होत्या ना. मालकीण काही वेडंवाकडं बोलली की त्या माझ्याकडे बघायच्या, मी हसते का म्हणून. कसं हसणार? मग मध्यंतरात त्यांना मुलाचा फोन आला, त्या बाहेर गेल्या त्या अर्ध्या तासाने आल्या. तेवढ्यात मी हसून घेतलं सगळं."

वहिनींचंही मत मी घेतलं. त्या म्हणाल्या, सिनेमा चांगला आहे, पण मध्यंतरानंतर तुटक वाटतो. पुढच्या सिनेमाला त्या बहिणीला घेऊन गेल्या. मावशी त्यांच्या भिशीतल्या बायकांबरोबर गेल्या, मंगळवारी, तिकीट स्वस्त असतं तेव्हा, आणि त्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळच्या पोळ्या झाल्या नाहीत.